बॉक्स नंबर टी-२७२ : एका छोट्या जाहिरातीतून उभी राहिलेली एमएसची चळवळ

१ मे १९४५ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छोट्या जाहिरातींच्या रकान्यात दोन-तीन ओळींचा मजकूर छापून आला. बर्लिन पडण्याच्या बेतात होतं, युरोपातलं युद्ध संपायला आठवडा उरला होता आणि वाचकांचं लक्ष अर्थातच पहिल्या पानावर होतं. आतल्या त्या जाहिरातीचा आशय एवढाच होता : मल्टिपल स्क्लेरोसिस. या आजारातून बरं झालेलं कुणी असल्यास कृपया रुग्णाशी संपर्क साधावा. खाली नाव नाही, पत्ता नाही, आजाराचं वर्णन नाही. उत्तर पाठवायला फक्त एक बॉक्स नंबर : टी-२७२, टाइम्स.

जाहिरात रुग्णाच्या वतीने होती, पण दिली होती त्याच्या बहिणीने. सिल्व्हिया लॉरी तेव्हा तिशीच्या उंबरठ्यावर होत्या, ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या. धाकट्या भावाला, बर्नार्डला, मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, झाला होता. डॉक्टर झाले, ग्रंथालयं झाली, जो जे सांगेल ते उपाय झाले. तरीही हाती काही लागलं नाही, तेव्हा त्यांनी थेट लोकांनाच विचारायचं ठरवलं.

या जाहिरातीतून पुढे जे उभं राहिलं, त्याकडे जनजागृतीच्या कामाचा एक नमुना म्हणून पाहायला हवं असं मला फार वाटतं. आपल्याकडे जागृती म्हटलं की बॅनर, टोपी, रॅली आणि उद्घाटनाला पाहुणे हे ठरून गेलं आहे. इथे सुरुवात एका प्रश्नाने झाली, आणि उत्तर देणाऱ्याला आपलं तोंड दाखवावं लागत नव्हतं. या दोन गोष्टींमुळेच पुढचं सगळं घडलं, असं माझं मत आहे.

१९४५ साली काय माहीत होतं

एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच चेतातंतूंवरच्या मायलिन या आवरणावर हल्ला करते. हल्ला मेंदूत, मज्जारज्जूत किंवा डोळ्याच्या नसेवर, कुठेही होऊ शकतो आणि जिथे होतो तिथलं काम बिघडतं. म्हणून एकीला अचानक एका डोळ्याने अंधुक दिसायला लागतं, दुसरीचे पाय बधिर पडतात, तिसऱ्याचा लघवीवरचा ताबा जातो. बहुतेकांना असा थकवा येतो की सकाळी उठल्या उठल्या दिवस संपल्यासारखं वाटतं. पुष्कळांच्या बाबतीत 'अटॅक' येतो, काही आठवडे राहतो, ओसरतो आणि पुन्हा कधी येईल ते सांगता येत नाही. निदान बहुधा विशी ते चाळिशीत होतं, आणि बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळतो.

यातलं बरंचसं आज आपण सहज लिहितो. १९४५ मध्ये ही यंत्रणा कुणाला नीट ठाऊक नव्हती. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराला स्वतंत्र ओळख दिली होती. जाहिरात छापून आली तेव्हा त्याला ७७ वर्षं उलटली होती आणि औषध म्हणावं असं एकही हाती नव्हतं. एमआरआय तर पुढच्या पिढीची गोष्ट. डॉक्टर रुग्णाला चालवून बघायचे, गुडघ्यावर हातोडी मारायचे, डोळे तपासायचे आणि तेवढ्यावर निदान करायचे. निदान झाल्यावर पुढे काय, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

आणखी एक गोष्ट विसरून चालणार नाही : या रुग्णांना एकमेकांची माहितीच नव्हती. वॉर्डात शेजारच्या खाटेवर तसाच दुसरा रुग्ण भेटावा इतका हा आजार सर्रास नाही. त्यामुळे प्रत्येक घर आपापल्या परीने एकटं झगडत होतं.

पन्नासहून अधिक पत्रं

टी-२७२ वर पन्नासहून अधिक उत्तरं आली. बरं झाल्याचं एकही उत्तर नव्हतं. लिहिणारे बहुतेक जण स्वतः रुग्ण होते किंवा रुग्णांचे नातेवाईक होते, आणि त्यांचं म्हणणं जवळपास एकच होतं : तुम्हाला काही कळलं तर आम्हालाही कळवा.

जाहिरातीचा हेतू पाहिला तर ती सपशेल फसली होती. भावासाठी उपाय हवा होता, तो मिळाला नाही. लॉरी यांचं मोठेपण मला इथे दिसतं. त्यांनी पत्रं बाजूला ठेवली नाहीत. एवढी माणसं एकच प्रश्न घेऊन बसली असतील, तर तो प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही, हे त्यांनी ओळखलं. उत्तर कुणाकडेच नसेल तर ते शोधायला माणसं लावावी लागतील, पैसा उभा करावा लागेल, हा पुढचा विचार त्यातूनच आला.

त्या बॉक्स नंबरकडे मी पुन्हा वळतो. मराठी वाचकाला ही पद्धत नवी नाही. आपल्या रविवारच्या पुरवण्यांतल्या 'वधू पाहिजे, वर पाहिजे'च्या रकान्यांत वर्षानुवर्षं बॉक्स नंबर छापले गेले, कारण घरचं नाव चारचौघांत न जाता चौकशी करता यावी. लॉरी यांच्या जाहिरातीत तेच झालं. लिहिणाऱ्याला आपल्या गावात, कचेरीत, नात्यात कुणालाही न सांगता लिहिता आलं. आधी नाव जाहीर करा, मग मदत मागा, अशी अट असती तर त्या पन्नासातले निम्मे तरी पुढे आले असते का, मला शंका आहे.

आधी शास्त्रज्ञ

११ मार्च १९४६ रोजी संस्था स्थापन झाली. तिच्या नावातच एमएसवरील संशोधनाला चालना देण्याचा उद्देश होता. पुढच्याच वर्षी ते नाव बदलून 'नॅशनल मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी' झालं. वैद्यकशास्त्राचं कोणतंही शिक्षण नसलेल्या लॉरी यांनी देशातल्या वीस नामांकित संशोधकांना या कामात सोबत घेतलं होतं.

हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. रुग्णांची संस्था निघाली की पहिला जोर साहजिकच मदतीवर जातो : चाकाची खुर्ची, औषधाला हातभार, सणावाराला फराळ. ते हवंच. पण लॉरी यांनी पहिल्याच दिवसापासून ठरवलं होतं की आपल्याला आजाराचं कारण शोधायचं आहे, आणि त्यासाठी संशोधकांच्या टेबलावर रुग्णांचा प्रश्न नेऊन ठेवायचा आहे.

संस्थेचं पहिलं अनुदान कोलंबिया विद्यापीठातल्या डॉ. एल्विन कॅबट यांना मिळालं. १९४८ मध्ये त्यांना एमएसच्या रुग्णांच्या मेंदू-मज्जारज्जूभोवतालच्या द्रवात विशिष्ट प्रकारची प्रथिनं आढळली. आजार रोगप्रतिकारक यंत्रणेशी जोडलेला असावा याचा हा मोठा पुरावा होता. आज ज्यांना 'ऑलिगोक्लोनल बँड्स' म्हणतात ते याच प्रथिनांचे पट्टे.

हे फक्त इतिहासात राहिलं नाही. आज पुण्या-मुंबईत न्यूरॉलॉजिस्टला एमएसची शंका आली की एमआरआयबरोबर 'पाठीतलं पाणी' काढायला सांगतात. रुग्णाला कुशीवर वळवून गुडघे पोटाशी घ्यायला लावतात, कमरेत सुई घालून थोडा द्रव काढतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. घरचे घाबरतात, 'पाठीत सुई घातली तर पांगळी होईल' असं कुणीतरी हमखास सांगतं. त्या रिपोर्टवर 'ऑलिगोक्लोनल बँड्स : पॉझिटिव्ह' असं येतं. २०१७ मध्ये निदानाचे जागतिक निकष सुधारले, तेव्हा या तपासणीला अधिक वजन दिलं गेलं. त्यामुळे योग्य रुग्णाच्या बाबतीत दुसऱ्या अटॅकची वाट न पाहता निदान करता येतं. रुग्णांच्या घरच्यांनी उभ्या केलेल्या संस्थेच्या पहिल्या पैशांतून सुरू झालेलं काम आज कोथरूडच्या मुलीचं एखादं वर्ष वाचवतं, हे मला विलक्षण वाटतं.

सिनेटसमोर

१९४९ मध्ये एमएसचा प्रश्न अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर गेला. न्यू हॅम्पशरचे सिनेटर चार्ल्स टोबी यांच्या मुलीला एमएस होता आणि त्यांनी एमएसच्या संशोधनासाठीच्या विधेयकाचा पाठपुरावा केला. समितीसमोर बोलणाऱ्यांत एलेनॉर गेरिग होत्या. त्यांचे पती, बेसबॉलपटू लू गेरिग, १९४१ मध्ये गेले होते. त्यांचा आजार वेगळा होता : एएलएस, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी हळूहळू निकामी करणारा आजार. पण अमेरिकेतल्या घराघरांत चेतासंस्थेचा असाध्य आजार म्हटलं की गेरिग यांचंच नाव डोळ्यांसमोर यायचं, आणि एलेनॉर यांनी ते नाव एमएसच्या रुग्णांच्या पाठीशी उभं केलं.

शेवटी कायदा झाला तो फक्त एमएससाठी नव्हता. १५ ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सही केली आणि चेतासंस्थेचे आजार व अंधत्व यांच्यासाठी मिळून एक राष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली. आपल्या आजाराच्या नावाची पाटी लागली नाही म्हणून कुणी हे नुकसान म्हणेल. मला ते शहाणपणाचं वाटतं. पार्किन्सन, अपस्मार, स्ट्रोक या सगळ्यांच्या संशोधनाला त्यातून सरकारी आधार मिळाला, आणि एमएसलाही. थोड्या रुग्णांचा आजार एकटा सरकारदरबारी टिकाव धरत नाही, त्याला सोबत लागते.

इथे एक कटू गोष्टही सांगायला हवी. टोबी यांच्या घरात हा आजार नसता तर विधेयक इतक्या लवकर पुढे सरकलं असतं का? सत्तेच्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या घरी दुखणं पोचल्यावर दारं उघडतात, हे सगळीकडेच होतं. ते न्याय्य नाही. पण अशी दारं कुठे आहेत ते शोधून ठोठावण्याची चिकाटी लॉरी यांच्याकडे होती.

पुढची चाळीस-पन्नास वर्षं

१९६७ मध्ये लॉरी यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या देशांतल्या संस्थांचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. १९७३ मध्ये बर्नार्ड गेले. बहिणीने ज्या उपायासाठी जाहिरात दिली होती तो त्यांच्या हयातीत आला नाही. आजाराच्या वाटचालीवर परिणाम करणारं पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा-१बी, अमेरिकेत मंजूर झालं ते १९९३ मध्ये. जाहिरातीपासून ४८ वर्षं. लॉरी तेव्हा हयात होत्या. २००१ मध्ये, वयाच्या ८५व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

पहिल्या औषधापर्यंतची ती ४८ वर्षं संस्था कशावर चालली असेल? रुग्णांना देण्यासारखी गोळी नव्हती. भेटणं होतं, माहिती होती, निधी उभारणं होतं आणि संशोधकांना पुन्हा पुन्हा पैसे देणं होतं. आपल्याकडे दोन वर्षांत 'रिझल्ट' दिसला नाही की ट्रस्टी कंटाळतात, देणगीदार दुसरीकडे वळतात. या प्रकरणातली सगळ्यात अवघड गोष्ट मला ही वाटते.

आपल्याकडे

आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अंदाजानुसार आज जगात सुमारे २९ लाख लोक एमएससह जगत आहेत. 'हा गोऱ्यांचा आजार, आपल्याकडे नसतो' हा समज भारतात फार काळ होता आणि त्याने निदानाचं नुकसान केलं. मुंबईचे न्यूरॉलॉजिस्ट डॉ. नोशिर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये मुंबई-पुण्याच्या पारशी समाजातला अभ्यास प्रसिद्ध केला. या समाजात एमएसचं प्रमाण लक्षणीय असल्याचं त्यात दिसलं. पुढे एमआरआय शहरोशहरी आला आणि इतरांमधले रुग्णही दिसू लागले. ते आधीही होतेच. कुणाला 'व्हिटॅमिनची कमतरता' म्हणून, कुणाला 'टेन्शन घेते' म्हणून परत पाठवलं जात होतं.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया १९८५ मध्ये मुंबईत सुरू झाली, तीही स्वतः एमएस असलेल्या रेहमत फाजलभॉय यांच्या पुढाकाराने. आज तिच्या शाखा पुण्यासह अनेक शहरांत आहेत. इथेही सुरुवात रुग्णाच्या घरातूनच झाली.

तरी आपल्या गावांत-शहरांत एक अडचण अशी आहे जी न्यूयॉर्कच्या त्या पत्रांपेक्षा मोठी आहे. निदानाचं वय आणि लग्नाचं वय आपल्याकडे एकच. मुलगी चोवीस-पंचवीसची, एका डोळ्याने दिसेनासं झालं म्हणून दाखवलं, एमएस निघाला. घरात पहिला प्रश्न औषधाचा असतो आणि दुसरा, दबक्या आवाजात, 'आता स्थळांचं काय करायचं?' मग रिपोर्टची फाइल कपाटात साड्यांखाली जाते. मामाला सांगायचं नाही, शेजारी कळू द्यायचं नाही. लग्न झालेलं असेल तर सासरी काय सांगायचं, हा आणखी वेगळा घोर. अशा घरातल्या मुलीला आपण रॅलीत फलक धरून चालायला बोलावतो आणि ती येत नाही म्हणून 'पेशंटच उत्साह दाखवत नाहीत' म्हणतो.

तिला आधी एक टी-२७२ हवा आहे. न्यूरॉलॉजीच्या ओपीडीबाहेर लावलेला एक फोन नंबर, पलीकडे पगारी टेलिकॉलर नाही तर हा आजार दहा-पंधरा वर्षं अंगावर काढलेली एखादी ताई. नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही. स्टेरॉइडचं सलाइन लावल्यावर झोप का उडते, लघवीची घाई होते ते डॉक्टरांना कसं सांगायचं, मूल होऊ द्यायचं असेल तर औषधाबद्दल आधी कुणाशी बोलायचं, हे तिला कुणीतरी स्वतःच्या अनुभवातून सांगावं. पोस्टर लावायचंच असेल तर त्यावर 'एमएस म्हणजे काय' यापेक्षा हा नंबर मोठ्या अक्षरात हवा.

दुसरी अडचण न दिसण्याची. मुंबईच्या लोकलमध्ये अपंगांच्या डब्यात तिशीतली एक बाई चढते. हातात काठी नाही, पायाला कॅलिपर नाही, खांद्यावर ऑफिसची बॅग. 'ओ मॅडम, हा हँडिकॅपचा डबा आहे, कार्ड आहे का?' कार्ड दाखवल्यावरही चारजण तिच्याकडे वरून खाली बघतात. दिवसभराच्या कामानंतर तिचे पाय अर्ध्या तासाहून जास्त तिला उभं ठेवू शकत नाहीत, हे तिच्याकडे बघून कळणार कसं? सामान्य डब्यात बसायला मागितलं तर 'धडधाकट तर दिसतेय' हे ठरलेलं. लोकांना सांगायचं असेल तर माझ्या मते हे आधी सांगावं. रोगाची व्याख्या लोक विसरतात, पण धडधाकट दिसणारा माणूसही थकलेला असू शकतो हे एकदा पटलं की डब्यातली जागा मिळते.

मे महिन्याबद्दलही बोलायला हवं. जागतिक एमएस दिन २००९ पासून पाळला जातो आणि आता तो ३० मे रोजी असतो. युरोपात ते दिवस सुखद असतात. एमएसमध्ये अंगातली उष्णता वाढली की जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतात, नजर अंधुक होते, पाय जड होतात. श्रमानंतर नजर अशी तात्पुरती अंधुक होते, हे १८९० मध्ये जर्मन डॉक्टर विल्हेल्म उथॉफ यांनी नोंदवलं होतं. आता नागपूर, अकोला, चंद्रपूरचा ३० मे डोळ्यांपुढे आणा. पारा ४५ च्या आसपास, आणि आपण सकाळी नऊला वॉकथॉन ठेवतो. ज्यांच्यासाठी दिवस पाळायचा त्यांनाच घराबाहेर पडता येत नाही. कार्यक्रम संध्याकाळी, पंखे-कूलर असलेल्या सभागृहात घ्या, लिफ्ट आणि जवळ स्वच्छतागृह आहे का ते आधी जाऊन बघा. जमलं तर घरूनही सामील होता येईल असं करा.

आणि तिसरं, कायद्याचं. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, एमएस त्यात नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ही यादी २१ वर नेली आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव आलं. हे रुग्णांच्या आणि संस्थांच्या मागणीचं मोठं यश आहे. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचं ओळखपत्र काढता येतं. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व ठरलं तर कलम ३२ खाली सरकारी आणि अनुदानित संस्थांत उच्च शिक्षणाच्या ५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करता येतो.

पण नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाचं कलम ३४ वाचलं तर तिथे एमएसचं नाव नाही. अंधत्व व अल्पदृष्टी, कर्णबधिरता, चलनवलनाचं अपंगत्व (त्यात सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी वगैरे स्पष्ट लिहिलेले), स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व व मानसिक आजार असे गट आहेत. कायद्याच्या परिशिष्टात आलेला आजार आरक्षणाच्या कलमात नावाने येत नाही, आणि उमेदवाराला 'तुम्ही नक्की कुठल्या गटात?' या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. शिवाय ४० टक्क्यांचं मोजमाप तपासणीच्या दिवशीच्या शरीराचं होतं. अटॅक ओसरल्यावर अपंगत्व तपासणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर गेलं तर चाल बरी दिसते, थकव्याला आकडा लावणं अवघड जातं.

हा प्रश्न सुटायचा तर वॉशिंग्टनमध्ये १९४९ मध्ये जे केलं गेलं तेच लागेल : समितीसमोर माणसं, हातात कागद. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर संस्थांनी दर जिल्ह्यात एमएसखाली यूडीआयडी कार्ड मिळालेले किती, नाकारलेले किती, ४० टक्क्यांच्या आत बसवलेले किती, हे माहितीच्या अधिकारात मागवावं. नावं नकोत, आकडे पुरेत. पार्किन्सनही परिशिष्टात एमएसच्याच शेजारी आहे आणि कलम ३४ मध्ये त्याचंही नाव नाही. त्या रुग्णांच्या संघटनांना बरोबर घेऊन एकच निवेदन करावं आणि ते आपापल्या खासदारांच्या हाती द्यावं, कारण हा केंद्राचा कायदा आहे आणि दुरुस्ती संसदेतच होईल.